एकच निदान, तीन निकाल: मुलांच्या फुप्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबाविषयी

देवगड तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची ८ वर्षांची मुलगी शाळेतून घरी येताना पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढता चढता गेल्या वर्षभरात दोनदा बेशुद्ध होऊन पडली. त्याआधी दोन वर्षे धाप लागते म्हणून तिला बाळदम्याचा पंप चालू होता. आता टू-डी इको झाला असून त्यात ‘तीव्र पल्मनरी हायपरटेन्शन’, म्हणजे फुप्फुसांच्या धमनीतील दाब फार वाढल्याचे निदान आहे, दाब ७६ दाखवला आहे, हृदयात छिद्र नाही असे नमूद केले आहे आणि फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करणारी सिल्डेनाफिलची गोळी दिवसातून तीन वेळा सुरू झाली आहे. पुढे मुंबईला जाऊन कॅथ, म्हणजे शिरेतून हृदयात नळी नेऊन दाब मोजण्याची तपासणी, करावा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. त्यांच्याच वाडीतल्या ३ महिन्यांच्या बाळालाही हाच आजार सांगितला होता, ते बाळ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनाने दोन दिवसांत बरे झाले. आणि शेजारच्या गावातल्या १४ वर्षांच्या मुलाला हृदयात छिद्र असूनही ‘आता ऑपरेशन करता येणार नाही’ असे सांगण्यात आले. आजार एकच असताना तिघांना तीन निकाल कसे, आणि इको झालेला असताना कॅथ कशासाठी, असे त्यांनी विचारले आहे.

तिघांच्या कागदांवर शब्द तेच असले, तरी तिघांचा आजार एक नाही. अंगात ताप आहे एवढ्यावरून तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे जसे कळत नाही, तसेच फुप्फुसाच्या धमनीतील दाब वाढला आहे एवढ्यावरून तो का वाढला हे कळत नाही. आणि औषध, ऑपरेशन, मुलाचे पुढचे आयुष्य हे सगळे त्या कारणावर ठरते. लहान मुलांच्या हृदयरोगाचे काम करताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, की दाब सापडला की गोळी लगेच सुरू होते आणि कारणाचा शोध मागे पडतो, कधी कधी कायमचाच.

आधी दाबाविषयी. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो शरीराच्या धमन्यांतील दाब. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणारी धमनी वेगळी, आणि निरोगी मुलामध्ये तिच्यातील दाब शरीराच्या दाबाच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका असतो. पोटातल्या बाळामध्ये मात्र हे दोन्ही दाब सारखेच असतात, कारण त्याची फुप्फुसे अजून श्वास घेत नसतात. जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर फुप्फुसांतील दाब उतरू लागतो आणि दोन-तीन महिन्यांत मोठ्या माणसांच्या पातळीवर येतो. म्हणून आजाराची व्याख्या तीन महिन्यांपुढच्या मुलांसाठी केली जाते: फुप्फुस धमनीतील सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याहून जास्त असणे. पूर्वी ही मर्यादा २५ होती, ती २०१८ साली फ्रान्समधील नीस येथे भरलेल्या जागतिक परिषदेत खाली आणण्यात आली.

आपल्या अहवालातील ७६ हा आकडा या २० शी ताडून पाहू नये. तो सरासरी दाब नाही, तर हृदयाचा ठोका पडतानाचा वरचा दाब आहे, आणि तोही थेट मोजलेला नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून थोडे रक्त मागे गळते, त्या गळतीचा वेग इकोमध्ये मोजतात. आपल्या मुलीचा वेग सेकंदाला ४.२ मीटर लिहिला आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणले की ७१ येतात, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे ५ दाब मिळवला की ७६ होतात. हा वेग २.८ च्या आत असेल तर सहसा चिंता नसते, ३.४ च्या वर गेला तर आजाराची शक्यता बरीच वाढते. मात्र फुप्फुस धमनीची झडप अरुंद असेल तर हाच वेग धमनीतील दाब अजिबात वाढलेला नसतानाही वाढलेला दिसतो, आणि गळतीची रेघ नीट पकडली गेली नसेल तर आकडा दोन्हीकडे चुकू शकतो. म्हणून मी इकोचा अहवाल हाती आला की आकड्यापेक्षा आधी इतर नोंदी वाचतो: उजवा खालचा कप्पा किती फुगला आहे, त्याचे आकुंचन कसे आहे, दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन डावा कप्पा गोल राहण्याऐवजी इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा चपटा दिसतो का. आपल्या अहवालात पडदा चपटा आणि उजवा कप्पा जाड व मोठा झालेला आहे, ईसीजीतही उजव्या बाजूचा ताण दिसतो, आणि मुलगी चढ चढताना बेशुद्ध पडलेली आहे. तेव्हा दाब खरोखरच वाढलेला आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही.

बेशुद्ध पडण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या मुलांना ‘फिट’ येते असे समजून फेफऱ्याची औषधे वर्षानुवर्षे दिलेली मी पाहिली आहेत, आणि धाप लागते म्हणून पंप तर नेहमीच दिलेला असतो. दम्याच्या मुलाला रात्री किंवा पहाटे खोकला येतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि पंपाने त्याला स्पष्ट आराम पडतो. या आजारात खोकला व शिट्टी सहसा नसते. मूल बसलेले असताना अगदी ठीक दिसते आणि चढ लागला की थांबते. म्हणून कोकणातल्या पालकांना मी एकच प्रश्न खोलात जाऊन विचारतो: घरापासून रस्त्यापर्यंतची जांभ्याची पाखाडी ते मूल गेल्या पावसाळ्याआधी किती वेळा थांबून चढत होते, आणि आता किती वेळा थांबते? पायऱ्या त्याच असतात, त्यामुळे हे उत्तर पुष्कळदा दवाखान्यातल्या चालण्याच्या चाचणीइतकेच उपयोगी पडते. चढताना शरीराला जास्त रक्त लागते, पण फुप्फुसांच्या आकसलेल्या वाहिन्यांतून ते पुढे जाऊ शकत नाही, डाव्या बाजूला पुरेसे पोहोचत नाही आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटतो. अशा वेळी मूल पांढरेफटक पडून कोसळते आणि मिनिटा-दोन मिनिटांत भानावर येते. फिट आलेले मूल नंतर बराच वेळ गुंगीत राहते. श्रम करताना येणारी अशी बेशुद्धी हे या आजारातील गंभीर लक्षण आहे आणि अशा मुलाचा तपास आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा, महिन्यांत नव्हे.

आता वाडीतल्या बाळाविषयी, कारण ही गोष्ट प्रत्येक सासर-माहेरी ठाऊक असायला हवी. १ ते ६ महिन्यांचे, पूर्णपणे अंगावर पिणारे, तोवर बाळसे धरलेले बाळ अचानक किरकिर करू लागते, दूध टाकते, उलट्या करते, भराभर श्वास घेऊ लागते, कधी त्याचा रडण्याचा आवाज घोगरा होतो किंवा बसतो, आणि दिवसा-दोन दिवसांत ते निपचित पडते. तपासात यकृत वाढलेले, रक्तात आम्ल साठलेले आणि इकोमध्ये फुप्फुसांचा दाब फार वाढलेला दिसतो. याचे कारण आईच्या दुधात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी असणे हे असू शकते. दक्षिण भारतातून आणि काश्मीरमधून अशा बाळांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली आहेत. भात हेच मुख्य अन्न आणि बाळंतिणीला कडक पथ्य, ही या आजाराची जुनी पार्श्वभूमी. काही घरांत बाळंतिणीला कित्येक आठवडे पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाचा मऊ भात आणि तूप याखेरीज फारसे काही देत नाहीत. डाळ वातुळ, भाजी थंड, मासळी बाधेल म्हणून सगळे वर्ज्य. तांदूळ तीन-तीन पाण्यांतून धुतला आणि शिजवल्यावर पाणी काढून टाकले की उरलेसुरले थायमिनही त्या पाण्याबरोबर जाते. आई स्वतः धडधाकट दिसते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

या बाळाला शिरेतून थायमिन दिले, साधारणपणे १०० मिलिग्रॅम, तर कित्येकदा काही तासांतच फरक दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांत दाब उतरतो. सिल्डेनाफिलचा किंवा हृदयाला जोर देणाऱ्या औषधांचा तेथे उपयोग होत नाही, आणि थायमिनशिवाय नुसते साखरेचे सलाइन जोरात दिले तर आम्ल आणखी वाढून बाळ बिघडू शकते, कारण साखरेपासून शक्ती तयार करण्याच्या प्रक्रियेतच थायमिन लागते. औषध स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि थायमिनची चाचणी होऊन येईपर्यंत थांबणे परवडत नाही. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळामध्ये कारण न सापडलेला असा दाब दिसला, तर पुढे पाठवण्याची तयारी चालू असतानाच पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणीच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याचबरोबर आईलाही थायमिनच्या गोळ्या द्याव्यात आणि स्तनपान चालू ठेवावे. कोकणच्या जुन्या आहारात याचा बंदोबस्त होताच: भात उकडा असला तर उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात मुरते आणि पॉलिशनंतरही बरेचसे टिकते, पेज पाण्यासकट प्यायली जाते, आणि नाचणीची भाकरी व कुळथाची पिठी घरोघरी असते. बाळंतिणीच्या ताटात हे पदार्थ आणि रोजची डाळ परत आणावी, त्यात तिला किंवा बाळाला बाधणारे काहीही नाही.

शेजारच्या गावातल्या मुलाची गोष्ट अगदी निराळी आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठे छिद्र असले, किंवा जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी उघडी राहिली असली, तर डावीकडचे रक्त जोराने फुप्फुसांत जात राहते. पहिल्या वर्षात असे बाळ दूध पिताना दमते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही आणि वारंवार न्यूमोनिया होतो. हा काळ पालकांना भयंकर वाटतो, पण शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तोच योग्य काळ असतो. पुढे फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांच्या भिंती त्या जोराने जाड होत जातात, त्यांतून रक्त जाणे कठीण होते, आणि मग बाळ ‘आपोआप सुधारते’: घाम थांबतो, सर्दी-खोकला कमी होतो, वजन वाढते, डॉक्टरांना नळीतून ऐकू येणारा आवाजही मंदावतो. छिद्र बुजत आले असावे असे घरच्यांना वाटते आणि ते पुढच्या तपासणीला जात नाहीत. छिद्र लहान असेल तर ते खरोखरच बुजू शकते. पण मोठ्या छिद्राच्या बाळाची अशी सुधारणा ही धोक्याची खूण आहे आणि त्या आठवड्यातच इको व्हायला हवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये हा बदल आणखी लवकर होतो, म्हणून त्यांच्या मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया सहसा पहिल्या सहा महिन्यांतच उरकतात.

शस्त्रक्रिया करता येईल की नाही, हे फुप्फुसांच्या वाहिन्यांच्या अवरोधावर ठरते. तो शरीराच्या आकारमानानुसार वूड युनिट या एककात मोजतात. ४ च्या खाली असेल तर छिद्र बंद करता येते, ८ च्या वर असेल तर सहसा करता येत नाही, आणि मधल्या मुलांपैकी प्रत्येकाचा निर्णय अनुभवी केंद्रातच स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. अवरोध फार वाढल्यावर रक्त उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे वाहू लागते, ओठ-नखे निळी पडतात, आणि तेच छिद्र उजव्या कप्प्याची सुटकेची वाट होऊन बसते. ती वाट बंद केली तर मूल दगावण्याची भीती असते. त्या १४ वर्षांच्या मुलाला नकार मिळाला तो याच कारणाने असणार. डॉक्टरांनी हात झटकले असा त्याचा अर्थ त्या कुटुंबाने घेऊ नये, आणि औषधे, लोहाची तपासणी व नियमित देखरेख सोडू नये. लोह महत्त्वाचे आहे, कारण निळ्या पडलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन जास्त असूनही लोह कमी असू शकते, आणि रक्त ‘घट्ट’ आहे म्हणून उगाच रक्त काढल्याने ते आणखी कमी होते.

आपल्या मुलीच्या बाबतीत छिद्र नाही आणि थायमिनच्या आजाराचे हे वयही नाही. तरीही ‘कारण नसलेला’, म्हणजे इडिओपॅथिक, हा शिक्का मारण्यापूर्वी काही गोष्टी तपासून बाजूला काढाव्या लागतात. डावीकडची मायट्रल झडप सांधेतापाने, म्हणजे रुमॅटिक तापाने, अरुंद झालेली असेल तर दाब मागे साचून फुप्फुसांत वाढतो. आपल्याकडे हे शाळकरी वयातही दिसते, आणि तेथे उपाय झडपेवर करायचा असतो. फुप्फुसांतून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या चारही शिरा इकोमध्ये स्पष्ट दिसल्या का, हे विचारावे. मुलगी रात्री मोठ्याने घोरते का, झोपेत तिचा श्वास अडतो का, हेही पाहावे; टॉन्सिल व अडिनॉइड फार वाढल्याने झोपेत प्राणवायू कमी पडून दाब वाढलेल्या मुलांचा दाब नुसत्या त्या शस्त्रक्रियेने उतरतो, आणि ही तपासणी करायला टॉर्च व आईचे निरीक्षण एवढे पुरते. याशिवाय छातीचा सीटी, यकृताच्या शिरांसाठी पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड, एचआयव्ही आणि सांध्यांच्या आजारांच्या रक्तचाचण्या कराव्यात. घराण्यात कोणी तरुणपणी धाप लागून किंवा अचानक गेले असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण काही कुटुंबांत हा आजार जनुकांतून येतो.

कॅथची गरज यानंतर येते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात व फुप्फुस धमनीत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजतात, डाव्या बाजूचा दाब वाढलेला नाही याची खात्री करतात आणि अवरोध काढतात. त्याहून मोलाची असते त्याच वेळी होणारी चाचणी: मुलाला प्राणवायू आणि नायट्रिक ऑक्साइड वायू हुंगवून दाब पुन्हा मोजतात. दाब आणि अवरोध किमान पाचव्या हिश्श्याने उतरले आणि हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले नाही, तर त्या मुलाच्या वाहिन्या अजून सैल होऊ शकतात, आणि अशा मुलांना अम्लोडिपिन किंवा निफेडिपिनसारख्या साध्या, स्वस्त गोळ्यांवर वर्षानुवर्षे चांगले ठेवता येते. अशी मुले थोडीच निघतात, पण त्यांना ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि चाचणी न करता हीच गोळी दिली तर उरलेल्या मुलांचा रक्तदाब कोसळू शकतो. इको हे सांगू शकत नाही, म्हणून कॅथ.

या तपासणीला धोका असतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भूल, रडणे, प्राणवायू क्षणभर कमी होणे यांनी दाब एकदम उसळून हृदय थांबण्याची वेळ येऊ शकते, म्हणून ती जेथे लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ, अशा मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ, नायट्रिक ऑक्साइड आणि बालकांचा अतिदक्षता विभाग आहे तेथेच व्हावी. ते केंद्र मुंबईत असो, गोव्यात बांबोळीला असो की कोल्हापुरात, अंतरापेक्षा या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. उजवा कप्पा फार थकलेला असेल तर तेथील डॉक्टर आधी औषधांनी मुलीला सावरतील आणि कॅथ काही आठवडे पुढे ढकलतील. तो निर्णय योग्यच असतो. खर्चासाठी शाळा-अंगणवाड्यांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी बोलावे, ते जिल्हा रुग्णालयामार्फत पुढे पाठवू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हेही त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना निघण्यापूर्वीच विचारावे.

तोपर्यंत सिल्डेनाफिल बंद करू नये. ही गोळी मुळात पुरुषांच्या वेगळ्या तक्रारीसाठी प्रसिद्ध झालेली असल्यामुळे मेडिकलमध्ये भलतेच प्रश्न विचारले जातात, आणि त्या संकोचापोटी पालक ती थांबवतात. फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करणारे हे मान्यताप्राप्त औषध आहे. युरोपात मुलांसाठी ते २०११ पासून मान्य आहे, अमेरिकेत २०२३ पासून. युरोपातील मात्रा २० किलोपर्यंत १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा अशी आहे. गुण दिसत नाही म्हणून मनाने मात्रा वाढवणे घातक ठरते, कारण जास्त मात्रेवरील मुलांमध्ये दीर्घकाळात मृत्यू अधिक आढळल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ साली त्याविरुद्ध इशारा दिला होता. एकदम बंद केल्यास दाब उसळतो. गोळी सुरू केल्यावर धाप उलट वाढली, फुप्फुसांत पाणी झाले, तर शिरांचा किंवा डाव्या झडपेचा अडथळा नजरेतून सुटला असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. पुढे एका औषधाने भागत नसल्यास बोसेंटन हे दुसरे औषध जोडतात. त्यासाठी दर महिन्याला यकृताची रक्तचाचणी लागते आणि गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो, हे मुलगी वयात येईल तेव्हा तिला स्वतःला समजावून सांगावे लागेल. या आजारात गरोदरपणच जिवावर बेतू शकते, हेही तेव्हाच सांगावे. त्यापुढे प्रोस्टासायक्लिन गटातील औषधे, आणि निवडक मुलांत फुप्फुस धमनी व महाधमनी यांच्यात वाट करून देणारी शस्त्रक्रिया किंवा फुप्फुस प्रत्यारोपण असे मार्ग आहेत. त्यांची चर्चा कॅथनंतरच करणे योग्य.

घरी तिला खेळू द्यावे, पण दमल्यावर थांबण्याची मुभा हवी. शर्यत, कबड्डीचे सामने आणि दप्तर घेऊन पाखाडी चढणे सध्या बंद ठेवावे. विहिरीत किंवा समुद्रात पोहू देऊ नये, कारण पाण्यात भान हरपले तर वाचवायला वेळ मिळत नाही. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकल लस तपासून द्यावी. दात काढण्यासारख्या साध्या गोष्टीसाठीही भूल देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. किनारपट्टीची हवा या मुलांना मानवते. महाबळेश्वरची सुमारे १,३५० मीटरची उंची गाठण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि केदारनाथसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या यात्रेला तिला नेऊ नये. पावसात दरड कोसळून घाट बंद होतात आणि वीज दिवसदिवस जाते, त्यामुळे जूनपूर्वीच दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या घरात असाव्यात, आणि पुढे प्राणवायूचे यंत्र लागलेच तर सोबत भरलेला सिलिंडरही असावा.

वर्गशिक्षकांना आजाराची चिठ्ठी आणि आपला फोन नंबर लेखी द्यावा. ती पुन्हा पडली तर तिला सपाट झोपवून पाय उंच करावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता छातीवर दाब देणे व तोंडाने श्वास देणे सुरू करावे. शुद्धीवर येऊन ती हसू-बोलू लागली तरी त्याच दिवशी तिला रुग्णालयात दाखल करावे.